काळोखाच्या रानांतील वाट

महाबळेश्वरीं पावसाळ्याच्या चार महिन्यांत साडेपांच हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. आफ्रिका खंडांतील युगांडा देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत ब्विंडी नांवाचें एक अरण्य आहे. तेथें सबंध वर्षाचा पाऊस मोजला तरी तो 1,400 ते 1,900 मिलिमीटरांच्या आंतबाहेर राहतो. म्हणजे महाबळेश्वराचा जेमतेम तिसरा हिस्सा. असें असतांही ब्विंडीची गणना वर्षावनांत होते, आणि महाबळेश्वराच्या पठारावरील गवत मात्र फाल्गुन-चैत्रांत वाळून करडें पडतें. ह्या कोड्याचें उत्तर पावसाच्या मापांत नसून त्याच्या वांटणींत आहे. आपला मेघराजा चार महिन्यांत सारी उधळपट्टी करून उरलेले आठ महिने हात आखडून बसतो. ब्विंडी विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या एका अंशाच्या सुमारास आहे. तेथें सूर्य मार्च व सप्टेंबर अशा दोन वेळां माथ्यावर येतो आणि त्याच्यामागोमाग पावसाचे हंगामही दोन येतात. एक मेपर्यंत टिकतो, दुसरा नोव्हेंबरपर्यंत. मधल्या महिन्यांतही धुकें व तुरळक सरी यांचा अगदींच खंड पडत नाहीं. झाडांस पानें गाळून बसण्याची पाळी येत नाहीं, आणि म्हणून बारा महिने तेथें हिरवा अंधार असतो.

ह्या अंधारांत वाटाड्याबरोबर पायीं कसें जातात, तेथें काय पाहतात आणि त्या पायपिटीवर कोणाकोणाचें बरेंवाईट अवलंबून आहे, हें आम्ही आमच्या वाचकांस सांगणार आहों. सिंह, जिराफ व झेब्रे यांचीं चित्रें पाहून आफ्रिका म्हणजे सगळें मोकळें माळरान, अशी पुष्कळ मुलांची समजूत झालेली असते. मोटारींत बसून दुर्बिणींतून पाहावयाची ती आफ्रिका वेगळी. ब्विंडींत सिंह नाहीं, मोटारीचा उपयोग नाहीं, आणि दहा पावलांपलीकडचें दिसेल याची शाश्वति नाहीं.

आधीं जागा नीट समजून घेऊं. नकाशावर व्हिक्टोरिया सरोवर शोधावें व तेथून बोट पश्चिमेकडे सरकवीत काँगो देशाच्या सरहद्दीपर्यंत न्यावें. तेथें उत्तर-दक्षिण पसरलेली एक प्रचंड खचदरी आहे. पृथ्वीचें कवच ताणलें जाऊन मधला पट्टा खालीं खचला आणि दोहों कांठांचे डोंगर वर उचलले गेले. त्यांपैकीं पूर्वेकडील कांठावर, समुद्रसपाटीपासून 1,160 मीटरांपासून 2,607 मीटरांपर्यंतच्या उंचीवर हें रान पसरलें आहे. आपलें कळसूबाईचें शिखर 1,646 मीटर उंच. तेव्हां ब्विंडीचा बराचसा भाग कळसूबाईच्याही माथ्यावरचा म्हणावयास हरकत नाहीं. क्षेत्रफळ सुमारें 321 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडेंसें अधिक. हिमयुगांत आफ्रिकेची हवा थंड व कोरडी होऊन बहुतेक अरण्यें आटलीं, त्या काळींही ह्या डोंगरांवर रान टिकून राहिलें असें शास्त्रज्ञ मानतात. त्याचा परिणाम असा कीं, एवढ्याशा जागेंत दोनशेंहून अधिक जातींचे वृक्ष, शंभरांहून अधिक जातींचे नेचे, सुमारें 350 जातींचे पक्षी आणि दोनशें जातींचीं फुलपाखरें नांदत आहेत. 1932 सालीं ब्रिटिश अमदानींत येथें राखीव जंगल झालें, 1991 सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि 1994 सालीं युनेस्कोनें त्याचा समावेश जागतिक वारशांत केला.

‘ब्विंडी’ हा शब्द ‘मुब्विंडी’ ह्या तेथील एका दलदलीच्या नांवावरून आला आहे, आणि त्याचा अर्थ काळोखाची जागा. तिच्याविषयीं अशी दंतकथा सांगतात कीं, दक्षिणेकडून येणाऱ्या एका कुटुंबास ही दलदल ओलांडावयाची होती. दलदलींतील भूतांनीं वाट देण्याच्या मोबदल्यांत त्यांची मुलगी मागितली. आईबाप बराच वेळ घुटमळले आणि शेवटीं त्यांनीं मुलगी दिली. पूल बांधतांना किंवा तळें खोदतांना बळी मागणाऱ्या पाण्याच्या कथा आपल्याकडेही गांवोगांवीं आहेत, म्हणून ही कथा आमच्या वाचकांस परकी वाटूं नये. इंग्रजांनीं ह्या नांवास आणखी ‘अभेद्य’ असें विशेषण जोडलें आणि तें अद्याप कायम आहे. ज्यांचीं घरें त्या रानांतच होतीं त्यांस मात्र तें अभेद्य कधींच वाटलें नव्हतें. त्यांची हकीकत पुढें येईल.

युगांडा हें नांवही आपल्याकडील जुन्या मंडळींस अगदींच नवें नाहीं. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा रेल्वेमार्ग 1896 ते 1901 ह्या वर्षांत बांधला गेला, तो हिंदुस्थानांतून नेलेल्या हजारों मजुरांच्या हातून. पुढें गुजराती व्यापारी आणि गोव्याचे कारकून त्या देशांत स्थायिक झाले. 1972 सालीं इदी अमीन यांच्या हुकुमानें त्यांतील बहुतेकांस तो देश सोडावा लागला.

आतां प्रत्यक्ष वाटेकडे वळूं. ह्या रानांत लोक पायीं जातात तें मुख्यतः पहाडी गोरिला पाहण्यासाठीं. उद्यानाचे चार विभाग आहेत: बुहोमा, रुहिजा, रुशागा व न्कुरिंगो. सकाळीं आठच्या सुमारास पाहुण्यांस एकत्र करून नियम समजावून देतात आणि आठ-आठ जणांच्या तुकड्या पाडतात. एका तुकडीनें गोरिलांच्या एकाच कुटुंबाकडे जावयाचें, आणि एका कुटुंबाकडे दिवसांतून एकच तुकडी जावयाची. परदेशी माणसास ह्या एका दिवसाच्या परवान्यासाठीं 2024 पासून 800 डॉलर द्यावे लागतात. आपल्या पैशांत साठ हजार रुपयांहून अधिक. पंधरा वर्षांखालील मुलांस कांहीं केल्या सोडीत नाहींत. आमच्या आठवीपर्यंतच्या वाचकांस हा नियम जाचक वाटेल; परंतु त्याचें कारण मुलांच्या पायांतील बळ हें नसून, गोंवर, कांजिण्या, पडसें असले आजार मुलांबरोबर रानांत जाऊं नयेत, हें एक आहे. सर्दी झालेल्या मोठ्या माणसासही दारावरूनच परत फिरवितात.

पोशाखाचे नियम ऐकून हंसूं येतें, पण त्यांतील प्रत्येकास कारण आहे. उन्हाळा असो कीं पाऊस, विजार जाड व लांब हवी, आणि तिचे पाय मोज्यांत खोंवलेले हवेत. कारण सिआफू नांवाच्या मुंग्यांच्या फौजा वाट आडवी कापीत असतात व विजारींतून वर चढल्यावर मग चावूं लागतात. हातांत जाडे हातमोजे हवेत. कारण उतारावर तोल गेला कीं माणूस जें हातीं येईल तें धरतो, आणि हातीं येणाऱ्या वनस्पतींत कांटेरी वेली असतात व अंगास लागतांच आग उठविणाऱ्या खाजऱ्या पानांची झुडपेंही असतात. काठी तर प्रत्येकास हवीच.

तुकडीच्या पुढें वाटाड्या असतो. मागेंपुढें बंदूकधारी रक्षक असतात. रानांत थोडे हत्ती आहेत, ते आडवे आल्यास हवेंत बार काढण्यासाठीं ही बंदूक. बिबळ्या आणि रानम्हैस हे दोन्ही प्राणी येथून पूर्वींच नाहींसे झाले. ओझें वाहावयास आसपासच्या गांवांतील हमाल मिळतात, त्यांत मुलीही असतात. कित्येक पाहुणे ‘आमची पिशवी आम्हीच उचलूं’ म्हणून त्यांस नको म्हणतात. आमच्या मतें हा स्वाभिमान चुकीच्या जागीं खर्च होतो. उभ्या चढावर हात देणारा माणूस पुढें गरजेचा होतोच. शिवाय त्या मजुरीवर कोणाची शाळेची फी, कोणाचें मीठमिरचीचें सामान अवलंबून असतें.

वाट सुरू होते ती शेतांतून. हा भाग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील पुष्कळशा गोष्टींचें मूळ त्यांत आहे. अरण्याभोंवतीं दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसें राहतात. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनीं कोरून त्यांवर केळी, रताळीं, घेवडा, मका व चहा लावलेला असतो. आपल्याकडे गांव, मग गायरान, मग झुडपी रान आणि शेवटीं दाट जंगल असा क्रम असतो. येथें तसें नाहीं. एका रेषेवर शेत संपतें आणि तेथेंच रान भिंतीसारखें उभें राहतें. एक पाऊल केळीच्या बागेंत व दुसरें वर्षावनांत. ही रेषा माणसांस कळते, गोरिलांस कळत नाहीं. केळीच्या खांबाचा आंतील गाभा त्यांस फार प्रिय. तो काढण्यासाठीं ते खांब मोडून उभे फाडतात, आणि कुटुंब जर बागेंत शिरलें तर एका सकाळींत शेतकऱ्याचें वर्षाचें अन्न आडवें होतें. त्यांस मारावयाचें नाहीं, दगडही फेंकावयाचा नाहीं. ह्यासाठीं गांवोगांवीं स्वयंसेवकांचीं पथकें आहेत. तीं घंटा वाजवीत, ओरडत, अर्धवर्तुळ करून ह्या पाहुण्यांस हळूहळू रानांत परत घालवितात. न्कुरिंगोच्या बाजूस रानाच्या कडेची जमीन विकत घेऊन मोकळी ठेविली आहे व कांहीं ठिकाणीं चहाचा पट्टा लाविला आहे, कारण चहाच्या पाल्यास गोरिला तोंड लावीत नाहीं.

रानांत शिरल्यावर पहिल्या अर्ध्या तासांत बहुतेकांची एक समजूत दूर होते. वर्षावन म्हणजे सगळीकडे सारखीच गच्च झाडी, असें आपणांस वाटत असतें. खरें पाहतां जेथें वृक्षांचें छत अखंड असतें तेथें खालीं उजेडाचा अगदीं थोडा अंश पोंचतो. त्यामुळें जमिनीवर फारसें कांहीं उगवत नाहीं आणि चालणें सोपें जातें. खरी गचपण असते ती छत फाटलेल्या ठिकाणीं. ब्विंडीचे उतार इतके उभे आहेत कीं पावसांत दरडी कोसळून झाडें जातातच. शिवाय उद्यान होण्यापूर्वीं कित्येक वर्षें लांकूड कापणारे लोक येथें खड्डे खणून, त्यांवर ओंडके टाकून मोठमोठे वृक्ष करवतीनें चिरीत असत. जेथें जेथें वृक्ष पडला तेथें तेथें ऊन खालीं उतरलें, आणि वेली, झुडपें व रसाळ पाला यांची एकच झोंबाझोंबी सुरू झाली. आतां गंमत अशी कीं गोरिलाचें मुख्य अन्न म्हणजे हाच पाला. मोठा नर दिवसांत वीस किलोंच्या आसपास पाला, देंठ, साल व मिळतील तेव्हां फळें खातो. तेव्हां गोरिला पाहावयाचे तर मोकळ्या वाटेनें चालून भागत नाहीं. जेथें माणसास जाणें अगदीं नकोसें वाटतें तेथेंच त्यांचें जेवणाचें पान मांडलेलें असतें.

अशा ठिकाणीं वाटाड्या कोयता काढतो. पुष्कळदां पायांखालीं जमीनच नसते. आडव्या पडलेल्या वेलींची हातभर जाडीची गादी असते, तींत पाय गुडघ्यापर्यंत जातो व वर येतांना बूट आंत राहूं पाहतो. ओढ्याकांठीं माणसाच्या दुप्पट उंचीचे वृक्षनेचे छत्री धरून उभे असतात. सह्याद्रींत हिंडलेल्या वाचकांस येथें एक नातेवाईक भेटेल. मिम्युलॉप्सिस नांवाचें जें झुडूप उतारच्या उतार व्यापून असतें तें आपल्या कारवीच्याच कुळांतलें. आणि कारवीप्रमाणेंच तें कित्येक वर्षें मुकाट वाढतें, मग एकदम सगळा डोंगर मिळून फुलतो आणि फुलल्यानंतर सारीं झुडपें एकदमच मरतात. हजारों मैलांच्या अंतरावर दोन डोंगरांनीं एकच रीत पाळावी ह्याचें आम्हांस मोठें नवल वाटतें.

वाटाड्याची खरी विद्या दिसते ती माग काढण्यांत. पाहुणे न्याहारी करीत असतात तेव्हांच माग काढणारे लोक रानांत पोंचलेले असतात. आदल्या संध्याकाळीं गोरिलांचें कुटुंब जेथें सोडलें, तेथून ते सुरुवात करितात. प्रत्येक गोरिला रोज रात्रीं निजण्यासाठीं फांद्या व पाला वांकवून नवें घरटें करितो. कालचें घरटें आज वापरीत नाहीं. अंगावरचें पिल्लूं तेवढें आईच्या घरट्यांत झोंपतें. म्हणून घरटीं मोजलीं कीं माणसें मोजल्यासारखें होतें. घरट्यांतील विष्ठेच्या आकारावरून तो मोठा कीं अर्धवट वयाचा हें कळतें, चिकटलेल्या रुपेरी केंसांवरून म्होरक्या नराचें अंथरूण ओळखतां येतें. तेथून पुढें चघळून टाकलेले देंठ, उलटीं पडलेलीं पानें, दाबलें गेलेलें गवत. देंठाचा तुटलेला भाग ओला कीं काळवंडलेला, ह्यावरून ते किती वेळापूर्वीं येथें होते हें माग काढणारा सांगतो, आणि मग तो ती वार्ता बिनतारी यंत्रावरून मागील तुकडीस कळवितो. कधीं अर्ध्या तासांत गांठ पडते, कधीं सहा-सात तास चालावें लागतें. जनगणनेची रीतही ह्याच विद्येवर उभारलेली आहे. 2018 सालीं ब्विंडी व त्यास लागून काँगोंत असलेलें सरांब्वे ह्या रानांत तुकड्यांनीं चालत जाऊन घरटीं शोधलीं, त्यांतील विष्ठेचे नमुने तपासून एकेक प्राणी वेगळा ओळखला आणि 459 हा आंकडा काढला.

गांठ पडण्याच्या थोडें आधीं पिशव्या व काठ्या खालीं ठेवावयास सांगतात; काठी पाहून गोरिलांस भाल्याची आठवण होऊं नये. तोंडावर फडकें बांधतात. वाटाड्या घशांतून खोल, घोगरा, ढेंकरासारखा एक आवाज काढतो. गोरिलांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा होतो. मग पाल्याची एक भिंत बाजूस होते आणि पलीकडे दीडशें-पावणेदोनशें किलोंचा नर पाठ करून बसलेला असतो. बारा-तेरा वर्षांच्या पुढें नराच्या पाठीवरचे केंस रुपेरी होऊं लागतात. तोच कुटुंबाचा मुख्य, कोठें जावयाचें, केव्हां थांबावयाचें हें ठरविणारा. कधीं कधीं तो एकाएकीं छाती बडवून अंगावर धांवून येतो. अशा वेळीं पळावयाचें नाहीं, खालीं बसून नजर जमिनीकडे लावावयाची. तो बहुधा कांहीं पावलांवर थांबून परत फिरतो. हें वाचावयास सोपें आहे. वाटाड्यानें खांद्यावर हात ठेवून खालीं दाबल्यावांचून नवख्या माणसाचे पाय ऐकत नाहींत.

तेथें एकच तास थांबावयाचें. पूर्वीं सात मीटर अंतर राखण्याचा नियम होता. 2020 च्या साथीनंतर तो दहा मीटर झाला. ह्या नियमामागची हकीकत सांगितल्याशिवाय पुढें जाणें योग्य नाहीं. गोरिलाच्या व आपल्या आनुवंशिक द्रव्यांत सुमारें 98 टक्के साम्य आहे. त्यामुळें आपल्यास जो रोग होतो तो त्यासही होऊं शकतो. परंतु आपल्या अंगीं पिढ्यानपिढ्यांनीं आलेली प्रतिकाराची शक्ति त्याच्या अंगीं नसते. 1996 सालीं ब्विंडींतील गोरिलांचे केंस झडूं लागले, कातडीवर पांढरट खवले दिसूं लागले, आणि एक पिल्लूं मेलें. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका ह्या तरुण पशुवैद्य बाई त्या वेळीं युगांडाच्या उद्यानांच्या नोकरींत नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनीं तपासून पाहिलें तों ती आपली साधी खरूज. रानाच्या कडेच्या शेतांत बुजगावण्यांवर टाकलेले मळके कपडे, आणि ते हाताळावयास आलेले गोरिला, असा त्या रोगाचा मार्ग असावा असें ठरलें. खरूज औषधानें बरी झाली. पण त्या बाईंच्या मनांत एक गोष्ट पक्की बसली. ज्या गांवांत साबण नाहीं, पाणी नाहीं, दवाखाना दूर आहे, त्या गांवाशेजारचा गोरिला निरोगी राहणार नाहीं. 2003 सालीं त्यांनीं एक संस्था काढली. तिचे कार्यकर्ते एकाच फेरींत घरोघर जाऊन क्षयाची, खोकल्याची, पोटाच्या विकारांची विचारपूस करितात व गोरिला शेतांत आले होते काय हेंही विचारतात.

आणि तरीही अंतराचा नियम पुष्कळदां मोडला जातो, असें निरीक्षण करणाऱ्यांस आढळून आलें आहे. कधीं पिल्लूं कुतूहलानें स्वतःच जवळ येतें. कधीं आठशें डॉलर दिलेला पाहुणा छायाचित्रासाठीं एक पाऊल पुढें टाकतो, मग आणखी एक. त्याला मागें ओढावयाचें काम वाटाड्याचें; आणि शेवटीं बक्षिसी द्यावयाची ती त्याच पाहुण्याच्या हातांत. वाटाड्याच्या नोकरींतील सर्वांत अवघड क्षण नराच्या अंगावर येण्याचा नसून हाच असावा, असें आम्हांस वाटतें.

एवढा धोका आहे तर माणसांस तेथें जाऊंच कां द्यावें, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारतील. त्याचें उत्तर आंकड्यांत आहे. 1993 सालीं पहिले पाहुणे ब्विंडींत आले. तत्पूर्वीं गोरिलांस माणसांची संवय करावी लागली. माग काढणारे लोक दोन-दोन वर्षें रोज एकाच कुटुंबाकडे जात राहिले. गोरिला आधीं पळाले, मग अंगावर आले, आणि शेवटीं त्यांनीं दुर्लक्ष करावयास आरंभ केला. हें दुर्लक्ष मिळविण्यासाठींच सारी खटपट. 1997 च्या सुमारास ब्विंडींत तीनशें गोरिला होते. पुढें ते चारशें झाले व 2018 च्या गणनेंत वर सांगितल्याप्रमाणें 459 भरले. विरुंगा ज्वालामुखींच्या डोंगरांतील 604 मिळविले म्हणजे जगांतील पहाडी गोरिलांची एकंदर संख्या 1,063 होते. प्राणिसंग्रहालयांत त्यांपैकीं एकही नाहीं. 2018 सालींच जागतिक सूचींत त्यांचा दर्जा ‘अतिशय धोक्यांत’ ह्यावरून ‘धोक्यांत’ असा एका पायरीनें सुधारला. उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा पांचवा हिस्सा व गोरिलांच्या प्रत्येक परवान्यामागें 10 डॉलर आसपासच्या गांवांच्या कामांसाठीं बाजूस काढून ठेवण्याचा नियम आहे.

हा पैसा बंद पडला म्हणजे काय होतें तें दोनदां दिसून आलें. 1 मार्च 1999 रोजीं रवांडाच्या बंडखोरांनीं बुहोमावर हल्ला करून आठ परदेशी पाहुण्यांस व एका युगांडी अधिकाऱ्यास ठार केलें. त्यानंतर बरेच दिवस पाहुण्यांची वाट ओस पडली. 2020 सालीं साथीमुळें उद्यान बंद असतां जून महिन्यांत न्कुरिंगो कुटुंबाचा म्होरक्या राफिकी भाल्याच्या जखमेनें मेलेला सांपडला. राफिकी म्हणजे स्वाहिली भाषेंत मित्र. मारणारा माणूस लहानसहान शिकारीसाठीं शिरला होता. नर अंगावर आला म्हणून भाला मारला, असें त्याचें म्हणणें. त्यास अकरा वर्षांची शिक्षा झाली.

आतां त्या लोकांविषयीं, ज्यांस हें रान अभेद्य नव्हतें. त्यांचें नांव बट्वा. हें नांव ऐकून आजीचा बटवा आठवेल. योगायोग नुसत्या उच्चाराचा असला तरी अगदींच अस्थानीं नाहीं, कारण कोणत्या सालीनें ताप उतरतो व कोणत्या पाल्यानें जखम भरते ह्याचें त्यांचें ज्ञान सर्व शेजारी मानतात. तेथील भाषांत ‘मु’ हा उपसर्ग एका माणसास व ‘बा’ हा अनेकांस लागतो. एक तो मुट्वा, अनेक ते बट्वा. ठेंगण्या बांध्याचे हे लोक शिकार, मध व कंदमुळें यांवर रानांत राहत. 1991 सालीं उद्यान झालें तेव्हां त्यांस बाहेर काढलें. ज्यांचीं शेतें होतीं त्यांस जमिनीचा मोबदला मागतां आला. बट्वांचें शेत नव्हतें. नांगरलेली जमीन सरकारास दिसते. ज्या जमिनीवर माणूस नुसता चालत आला आहे ती दिसत नाहीं. बहुतेकांस कांहींच मिळालें नाहीं व ते दुसऱ्यांच्या बांधावर मजुरी करून राहूं लागले. पुढें रानाच्या ठराविक पट्ट्यांत औषधी वनस्पति व टोपल्यांच्या वेली नेण्यास आणि मधाच्या पेट्या ठेवण्यास आसपासच्या गांवकऱ्यांस परवानगी मिळाली, परंतु रानांत राहण्याची नाहीं. 2021 सालीं युगांडाच्या घटना-न्यायालयानें बट्वांच्या बाजूनें निर्णय देऊन त्यांस भरपाई मिळाली पाहिजे असें म्हटलें.

कांहीं बट्वा आतां पाहुण्यांस रानाच्या कडेनें फिरवून लांकडावर लांकूड घांसून विस्तव कसा काढावा, पोळ्यापर्यंत कसें चढावें हें करून दाखवितात. जें जगणें मना केलें त्याचें तिकीट लावून प्रदर्शन करावयाचें, हें आम्हांस बरेंचसें खटकतें. पण तेथील वृद्धांचा एक हिशेब असाही आहे कीं, ह्या निमित्तानें नातवंडांस तीं नांवें व त्या खुणा निदान पाहावयास मिळतात. उद्यान झालें नसतें तर रानच उरलें नसतें, हेंही खरें; भोंवतालचे नांगरलेले डोंगर त्याची साक्ष देतात. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा हें त्या देशांत अद्याप ठरलेलें नाहीं, आणि येथें बसून तें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

परतीची वाट बहुधा चढाची असते. कोणाचा पाय मुरगळला वा दम संपला तर वाटाड्या खालच्या गांवांत निरोप धाडतो आणि विणलेल्या वेलींची डोली घेऊन माणसें येतात. ह्या डोलीस तिकडे ‘एन्गोझी’ म्हणतात, आणि ती पाहुण्यांसाठीं निघालेली नव्हे. मोटार न पोंचणाऱ्या डोंगरांतून आजारी माणसास, अडलेल्या बाईस दवाखान्यांत नेण्यासाठीं तेथें प्रत्येक वाडींत डोलीची मंडळी असते. पाळी आली कीं प्रत्येक घरानें खांदा द्यावयाचा, न दिल्यास दंड भरावयाचा. सप्तशृंगीच्या डोंगरावर डोल्या पाहिलेल्यांस हा प्रकार लगेच ध्यानांत येईल. हल्लीं ह्या डोलीस तेथील तरुण थट्टेनें ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात.

पाहुणे परत फिरतात तेव्हां माग काढणारे त्यांच्याबरोबर येत नाहींत. ते गोरिलांच्या मागोमाग, अंतर राखून, आणखी कांहीं तास जात राहतात. दिवस कलल्यावर कुटुंब थांबतें, फांद्या मोडण्याचा आवाज येऊं लागतो, आधीं आया व पिल्लें आणि मग नर आपापलीं घरटीं रचूं लागतात. ती जागा ध्यानांत ठेवून, वाटेवरच्या दोन-चार झुडपांवर कोयत्याची खूण करून, माग काढणारे मग गांवाकडे निघतात. उद्यां पहाटे त्यांस तेथूनच सुरुवात करावयाची असते.